अंतरपटापलीकडे कोण?
बायबलमधील देवाचे सान्निध्य : नगरच्या मातीतून एक आढावा

लग्नात अंतरपट धरला की मांडव काही वेळ श्वास रोखून उभा राहतो. वधू-वर समोरासमोर असतात आणि मध्ये फक्त हातभर कापड. मंगलाष्टके संपतात, कापड बाजूला होते, अक्षता पडतात. मराठी बायबलच्या प्रचलित भाषांतरात, ‘निर्गम’ या पुस्तकात, देवाच्या निवासमंडपातल्या पडद्याला नेमका हाच शब्द वापरला आहे. मूळ हिब्रू शब्द आहे ‘पारोखेत’, आणि त्याचा अर्थ आड लावलेला पडदा एवढाच. मराठीत येताना मात्र त्या पडद्याला भविष्य मिळाले. अंतरपट कायमचा टांगलेला नसतो. तो दूर व्हायचा म्हणूनच धरतात.

त्याच पुस्तकातला दुसरा शब्द ‘दर्शनमंडप’. हिब्रूत ‘ओहेल मोएद’ म्हणजे ठरल्या वेळी भेटण्याचा तंबू. मराठीने भेटीचे दर्शन केले. पण या मंडपात मूर्ती नाही. कराराचा कोश, म्हणजे पेटी, आहे, त्यावर दयासन आहे, आणि त्यावरची जागा मोकळी. तिथल्या दर्शनात डोळ्यांना दिसण्यासारखे फारच थोडे आहे.

देवाचे सान्निध्य हा बायबलचा मध्यवर्ती विषय आहे, हे अलीकडचे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. मतभेद आहे तो त्या सान्निध्याच्या स्वरूपाबद्दल. सॅम्युएल टेरिएन यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या ग्रंथात ते हातून निसटणारे सान्निध्य आहे असे मांडले: देव येतो, पण ताब्यात येत नाही, आणि त्याच्या दडण्यातूनच श्रद्धा घडते. जी. के. बील यांच्या २००४ सालच्या ग्रंथाचा रोख वेगळा आहे. त्यांच्या मते एदेन बाग हेच पहिले मंदिर, आणि सगळे बायबल ही त्या मंदिराच्या सीमा पृथ्वीभर रुंदावत जाण्याची कथा. एकाला लपंडाव दिसतो, दुसऱ्याला विस्तार. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, या जिल्ह्यात उभे राहून हे दोन्ही पक्ष वाचले तर तिसरी एक गोष्ट ठळक होते. ती म्हणजे उंबरा. देव कुठे आहे, या प्रश्नाला इथे नेहमी दुसरा प्रश्न चिकटून आला: तिथपर्यंत कोणाला जाऊ देतात?

तंबूतला देव

सुरुवातीच्या कथांत देव पायी चालणारा आहे. संध्याकाळच्या वाऱ्यात तो बागेत फिरतो, आणि त्याची चाहूल लागताच माणूस झाडाआड लपतो. म्हणजे दुराव्याची पहिली कृती माणसाची आहे. पुढे घरातून पळालेला याकोब उघड्या माळावर दगड उशाशी घेऊन निजतो, स्वप्नात आकाशाला भिडलेला जिना पाहतो, आणि जागा झाल्यावर चरकतो, कारण देव या जागी होता आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. तो त्या जागेला बेथेल, म्हणजे देवाचे घर, हे नाव देतो. त्या वेळी तिथे घर तर सोडाच, भिंतही नव्हती.

सान्निध्यासाठी हिब्रूत स्वतंत्र भाववाचक शब्द जवळजवळ नाही. ‘पानीम’ म्हणजे चेहरा, तोंड, आणि त्यावरूनच समोर, समक्ष. मंडपातल्या मेजावर ठेवलेल्या भाकरीला मराठीत ‘समक्षतेची भाकर’ म्हणतात, ती मुळात ‘चेहऱ्याची भाकर’. मोशे देवाशी हुज्जत घालतो ती याच शब्दावरून: तुझा चेहरा आमच्याबरोबर येणार नसेल तर आम्हाला इथून हलवूच नकोस. पण हाच मोशे तेज पाहू मागतो तेव्हा त्याला खडकाच्या कपारीत उभे केले जाते आणि पाठमोरे काहीतरी पुढे गेल्यावर दिसते. याकोबाला जाग आल्यावर कळले, मोशेला पाठ दिसली. देव येऊन गेल्यावरच त्याची ओळख पटते, ही या ग्रंथाची खोड पुन्हा पुन्हा दिसते.

निवासमंडपाचे वैशिष्ट्य असे की तो उचलता येतो. दांड्या, कड्या, पडदे, कातडी यांचे हिशोब ‘निर्गम’मध्ये पानेच्या पाने चालतात. शहरी वाचक ती पाने उलटून टाकतो. पण ज्याने धनगरांचा वाडा एका माळावरून दुसऱ्या माळावर जाताना पाहिला आहे, किंवा पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोड टोळी कारखान्यावर पोचून तासाभरात कोप्या उभ्या करताना पाहिली आहे, त्याला हा तपशील कंटाळवाणा वाटू नये. ज्याचे भक्त मुक्काम हलवतात त्या देवाला पक्के घर कसे परवडेल?

पक्के घर पुढे शलमोनाने बांधले. त्याच्या अर्पणाच्या प्रार्थनेतच शंका आहे: आकाशात न मावणारा या घरात कसा मावेल? अभ्यासक इथे दोन धारा वेगळ्या करतात. एका धारेत मंदिरात देवाचे तेज भरून राहते, दुसरीत तिथे फक्त त्याचे नाव नांदते आणि तो स्वतः स्वर्गात असतो. याजकांना पहिली धारा जवळची. दुसरी ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या परंपरेतली.

संदेष्टे या घरावर तुटून पडले. मंदिर आपले आहे, म्हणून आपल्याला धक्का लागणार नाही, या समजुतीचा यिर्मयाने मंदिराच्याच दारात उभे राहून समाचार घेतला. परका, पोरका आणि विधवा यांना नाडणाऱ्यांना हे घर आसरा देणार नाही, असे त्याने बजावले. यहेज्केलाने तर देवाचे तेज गाभाऱ्यातून उठून उंबऱ्यावर थांबलेले, मग पूर्वेच्या वेशीवर गेलेले आणि शेवटी शहर सोडून डोंगरावर जाऊन उभे राहिलेले पाहिले. ते दर्शन त्याला झाले तेव्हा तो बाबेलच्या बंदिवासात होता. इ. स. पू. ५८६ मध्ये यरुशलेमचे मंदिर पडले. कबार नदीकाठच्या निर्वासितांना त्यातून जे कळले ते असे: ज्या सिंहासनाला चाके आहेत ते परमुलखातही येऊ शकते.

न दिसण्याची बाजू

सान्निध्याचा आढावा घेताना ही बाजू सोडली तर चित्र खोटे होते. एस्तेरच्या हिब्रू पुस्तकात देवाचे नाव एकदाही येत नाही. ईयोब पुढे जातो, मागे जातो, डावीकडे-उजवीकडे पाहतो, आणि कुठेच कोणी सापडत नाही. स्तोत्रसंहितेत एकशे एकोणचाळिसावे स्तोत्र देवापासून पळायला जागाच नाही म्हणते, आणि बाविसावे तू मला का टाकलेस असे विचारते. संपादकांनी दोन्ही ठेवली. बंदिवासानंतर बांधलेल्या दुसऱ्या मंदिरात कोश नव्हता. इ. स. पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपी परमपवित्रस्थानात शिरला. आत मूर्ती नव्हती, जागा रिकामी होती, याची नोंद टॅसिटस या इतिहासकाराने केली आहे. विजेत्याला रिकामी खोली दिसली. भक्ताला तीच खोली भरलेली वाटत होती.

फाटलेला पडदा

नव्या करारात मत्तयाचे शुभवर्तमान एका नावाने सुरू होते आणि त्याच अर्थाच्या वचनावर संपते. नाव इम्मानुएल, म्हणजे आमच्याबरोबर देव. शेवटचे वचन युगाच्या अंतापर्यंत सोबतीचे. योहान एक पाऊल पुढे जातो. शब्द देहधारी झाला आणि माणसांत राहिला, हे सांगताना त्याने वापरलेले ग्रीक क्रियापद तंबू ठोकण्याचे आहे. मराठी भाषांतराने तिथे ‘वस्ती’ हा शब्द घेतला. नगर जिल्ह्यात वस्ती म्हणजे गावठाणाबाहेर, रानात, चार घरांची जागा. दलित वस्ती म्हणजे वेशीबाहेरची जागा. भाषांतरकारांच्या मनात हे होते की नाही, सांगण्याची गरज नाही. ऐकणाऱ्याच्या कानात ते होतेच.

येशूच्या काळचे मंदिर आवारांचे होते. बाहेर परराष्ट्रीयांचे आवार, आत स्त्रियांचे, मग पुरुषांचे, मग याजकांचे, आणि अंतरपटाआड वर्षातून एकदा एकटा महायाजक. १८७१ मध्ये फ्रेंच संशोधक क्लेरमाँ-गानो यांना यरुशलेममध्ये या आवारातला एक ग्रीक शिलालेख सापडला. परक्याने या कठड्याच्या आत यायचे नाही, आला आणि पकडला गेला तर ओढवणाऱ्या मृत्यूला तो स्वतः जबाबदार, असा त्याचा आशय. आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. इफिसकरांस लिहिलेले पत्र मधली भिंत पाडल्याची भाषा करते, ती अशा दगडी पाटीच्या पार्श्वभूमीवर वाचावी लागते.

मार्काच्या वृत्तांतात क्रुसावर येशू बाविसाव्या स्तोत्राचाच आक्रोश करतो, प्राण सोडतो, आणि मंदिराचा पडदा वरून खालपर्यंत फाटतो. त्यानंतर येशूला ओळखणारा पहिला माणूस मंदिरातला नाही, तो शहराबाहेर पहाऱ्यावर उभा असलेला रोमन शताधिपती आहे. टेरिएन आणि बील यांचा वाद इथे एकाच वाक्यात येऊन थांबतो. देवाने सर्वांत जास्त टाकून दिल्यासारखे वाटते त्या क्षणीच आत-बाहेर संपते. पुढे पौल करिंथच्या मंडळीला, त्यातल्या गुलाम-मजुरांसकट, तुम्हीच मंदिर आहात असे लिहितो. इब्री लोकांस पत्र सांगते की पडद्यातून वाट झाली आहे.

नगरचा उंबरा

अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणे केले १८३१ मध्ये. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक इथेच १८४२ साली सुरू झाले. सुरुवातीला बाप्तिस्मा घेणाऱ्यांत काही ब्राह्मण होते. पण पुढच्या दशकांत नेवासे तालुक्यातले वडाळे आणि आजूबाजूची गावे यांतून मंडळ्या वाढल्या त्या मुख्यतः महार आणि मांग समाजांतून. १८७६–७८ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांनंतर ही वाढ आणखी झाली. पोटासाठी धर्म बदलला, हा आरोप तेव्हापासून होतो. भूक खरी होती, ती नाकारण्याचे कारण नाही. पण भाकरीची गोष्ट सांगून हा इतिहास संपत नाही. ज्यांना गावच्या देवळाची पायरी चढू देत नव्हते, विहिरीत पोहरा सोडू देत नव्हते, त्यांच्या हातात असा ग्रंथ आला की ज्यात देव स्वतः गाभाऱ्यातून उठून वेशीबाहेर जातो आणि शोमरोनी बाईकडे विहिरीवर पाणी मागतो. त्याच प्रसंगात येशू म्हणतो की उपासना या डोंगरावरही नाही आणि यरुशलेमेतही नाही. आत्म्याने आणि खरेपणाने ती कुठेही होते. हे वाक्य विद्यापीठात भूगोलाबद्दलचे वाटते. वस्तीत ते पाण्याबद्दलचे होते.

देवापर्यंत कोणाला जाऊ देतात, हा प्रश्न मराठी मुलखाला नवा नव्हता. चोखोबांनी तो शतकांपूर्वी विठ्ठलाच्या दाराशी उभे राहून विचारला होता, आणि पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. ख्रिस्ती मंडळीही या बाबतीत धुतल्या तांदळाची नाही. सोयरिकी करताना जुनी जात विचारली जाते, हे नगरच्या ख्रिस्ती घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. सरकारनेही वेगळा उंबरा घातला: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेला दलित अनुसूचित जातीत धरला जात नाही. पडदा फाटला तरी माणसे दोरा घेऊन बसलेली असतात.

हा उंबरा ओलांडण्याची घरगुती नोंद लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई नगरला नवऱ्याजवळ आल्या तरी बराच काळ चूल आणि पाणी वेगळे ठेवून राहिल्या. सोवळे सुटले ते उपदेशाने नव्हे. स्वतःच विचार करून, माणसाला माणसाचा विटाळ देवाने लावलेला नाही या निष्कर्षावर त्या आल्या, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अंतरपट ओट्याजवळ होता.

कीर्तन, पुराण, दरबार

सान्निध्य मराठीत कसे बोलावे, याचे प्रयोग फार आधी सुरू झाले. गोव्यात थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्विटाने १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापले. जुन्या आणि नव्या कराराची कथा त्यात ओवीत आहे, आणि स्वर्गाला शब्द आहे वैकुंठ. नगरला हेन्री बॅलंटाइन यांनी मराठी गीते रचली. १८६० च्या दशकात कृष्णराव सांगळे आणि त्यांच्या सोबत्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पूर्वरंग, उत्तररंग, मृदंग आणि टाळ यांतून येशूची कथा गावच्या पारावर गेली. कीर्तनात देव गोष्टीतून समोर उभा राहतो, आणि बायबलमधला देवही बहुधा गोष्टीतूनच भेटतो. हे जमणे स्वाभाविक होते.

टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत. त्यांच्या अभंगांत म्हणूनच सिंहासनावरच्या राजापेक्षा सखा आणि गुरू जास्त भेटतो. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून बसू शकत. म्हणजे टिळकांनी बाप्तिस्म्यालाही उंबरा होऊ दिले नाही. १९१९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि दरबार फार काळ चालला नाही. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही अपुरे राहिले होते. त्याचा बहुतांश लक्ष्मीबाईंनी लिहिला.

केडगावला पंडिता रमाबाई उलट दिशेने निघाल्या होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळे बायबल मराठीत आणले. वेदान्ताच्या परिभाषेने अर्थ भलतीकडे जाऊ नये आणि साध्या बाईला वाचता यावे, ही त्यांची काळजी होती. हिशोब असा की स्टीफन्स आणि टिळक ओळखीच्या शब्दातून देवाला जवळ आणतात, आणि रमाबाईंना त्या ओळखीतच धोका दिसतो. ‘दर्शनमंडप’ वाचून कोणाला मूर्ती आठवली तर त्यांची भीती खरी ठरते. मंडप रिकामा आहे हे लक्षात आले तर टिळकांचा मार्ग खरा ठरतो. अलीकडे फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ या दोन टोकांच्या मधल्या वाटेने गेले.

सन्निधान आणि असन्निधान

नगर जिल्ह्यातच या विषयाचा आणखी एक कोश आहे, आणि ख्रिस्ती अभ्यासकांनी तो पुरता उघडलेला नाही. महानुभाव पंथाच्या विचारात ‘सन्निधान’ ही मोलाची संज्ञा आहे: अवतरलेल्या परमेश्वराच्या प्रत्यक्ष सहवासाचा काळ. चक्रधरस्वामी नेवाशाला आणि गोदाकाठच्या डोमेग्रामला राहिले. ते निघून गेल्यावर शिष्यांवर ‘असन्निधान’ आले. मग काय करायचे? नाम घ्यायचे, स्वामी जिथे राहिले त्या स्थानांना नमस्कार करायचा, एकमेकांत राहायचे आणि आठवायचे. म्हाइंभटाने त्या आठवणी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ झाले.

चारही शुभवर्तमाने अशाच असन्निधानात लिहिलेली आहेत. लूकच्या शेवटच्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य एका अनोळखी वाटसरूबरोबर चालतात. रात्री तो भाकर मोडतो तेव्हा त्यांना ओळख पटते, आणि त्याच क्षणी तो दिसेनासा होतो. फरकही मोठा आहे. महानुभाव साधक पुन्हा सन्निधान लाभावे म्हणून झुरतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की मी जाणे तुमच्या हिताचे आहे, कारण मी गेल्यावर आत्मा येईल. तिथे असन्निधान हीच नव्या सान्निध्याची अट होते.

नेवाशातच ज्ञानेश्वरी सांगितली गेली, १२९० मध्ये, आणि ज्या खांबाला टेकून ज्ञानदेव बसले असे मानतात तो पैसचा खांब म्हणून ओळखला जातो. दुर्गा भागवतांनी आपल्या ललितलेखसंग्रहाला ‘पैस’ हेच नाव दिले. पैस म्हणजे ऐसपैस जागा. यहुदी रब्बींच्या परंपरेत देवाचे एक नाव ‘माकोम’, म्हणजे जागा, असे आहे. जग ही देवाची जागा नव्हे, देव ही जगाची जागा, असे ते त्याचे स्पष्टीकरण करत.

मेज की पुस्तक?

देव कुठे भेटतो, या प्रश्नाची नगरच्या ख्रिस्ती लोकांत आजही दोन उत्तरे शेजारी नांदतात. प्रोटेस्टंट मंडळीत मध्यभागी पुलपीट आणि उघडे शास्त्र. देव वचनातून बोलतो, प्रभुभोजन ही त्याची आठवण आणि सहभाग. कॅथलिक चर्चमध्ये पवित्र भाकर जिथे ठेवतात तिथे दिवा तेवत असतो आणि येणारा गुडघा टेकतो, कारण ख्रिस्त तिथे खरोखर आहे. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे मरियेची, यात्रा भरते तेव्हा तिसरेही उत्तर दिसते: नवस, मेणबत्त्या, नारळ, बैलगाड्यांऐवजी आता जीप-टेम्पो, आणि रांगेत हिंदू कुटुंबेही. धर्मशास्त्री या गर्दीपुढे जरा अवघडतात. पण बायबल स्वतःच एका उत्तरावर थांबत नाही. त्यात जळते झुडूप आहे, मंद वाणी आहे, भाकर आहे आणि दोघे-तिघे जमलेले घरही आहे.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातली न्यायाची कथा या सगळ्या उत्तरांची परीक्षा घेते. राजा सांगतो की मी भुकेला होतो, उघडा होतो, तुरुंगात होतो. उजवीकडचे विचारतात, आम्ही तुला केव्हा पाहिले? डावीकडचेही नेमके तेच विचारतात. तो समोर होता तेव्हा दोघांनीही त्याला ओळखले नव्हते. ज्यांनी भाकर दिली त्यांनी देवाला म्हणून दिली नव्हती, आणि ज्यांनी दार लावले त्यांनाही देवावर दार लावतो आहोत असे वाटले नव्हते. याकोबाला माळावर झाली तीच गत इथे सगळ्या मानवजातीची होते.

प्रकटीकरणाच्या शेवटच्या नगरीत मंदिर नाही आणि वेशी कधी बंद होत नाहीत. तिथवर पोचेपर्यंत वेस आहे, कठडा आहे, आणि पाण्याची घागर भरून देणारा किंवा न देणारा हात आहे. विहिरीवर बसलेला माणूस कोण होता, हे शोमरोनी बाईलाही बोलणे बरेच पुढे गेल्यावर कळले. सुरुवातीला तिने फक्त एवढेच पाहिले की आपल्या हातचे पाणी मागणारा कोणीतरी आला आहे.